तांबडीच्या पायाशी

सोमवार, ४ मार्च

अखेर चित्र भिंतीवरून उतरवलं. मी आणि आई दोघांनी मिळून, म्हणजे मी चित्र धरलं आणि आई मला धरून "सांभाळ, सांभाळ" करत राहिली. मागची भिंत अजून जुन्या हिरव्या रंगाची निघाली. बाबांनी हे जेवणघर कितीदा तरी रंगवलं, पण प्रत्येक वेळी चित्राच्या कडेकडेनं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, त्याला चित्र खाली काढून ठेवायला काय झालं होतं कोण जाणे. आता विचारायची सोय नाही. त्यांना जाऊन वर्ष होत आलं.

कामाची टिपणं मी कामाच्या वहीत ठेवतो. ही वही वेगळी, कारण हे गिऱ्हाईक घरचं आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी परवा मला बाजूला घेतलं. आईचा डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेलाय. उजव्यात नळीतून बघावं एवढीच नजर उरलीय आणि तीही फार दिवस राहणार नाही. "त्यांना काही दाखवायचं असेल तर आत्ताच दाखवा," म्हणाल्या. सरळ बोलल्या, ते बरं वाटलं. घरी येताना डोंगर, समुद्र, काय काय डोक्यात येत होतं. आईला विचारलं तर म्हणते, "मला कुठं जायचंय आता? माझी गुरं नीट दिसली म्हणजे पुरे."

तिची गुरं म्हणजे हे चित्र. जुनी चित्रं धुणं हा माझा धंदा, आणि घरचं चित्र भांड्याच्या बुडासारखं काळं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तेव्हा ठरलं: आईची नजर जायच्या आत तिला तिची गुरं लख्ख करून दाखवायची.

बुधवार, ६ मार्च

कामाआधीचे फोटो काढले. अंधारात काय येणार, पण नियम तो नियम.

तळं, तळ्याकाठी वाकडं झाड, एक पांढरी गाय उभी, एक तांबडी बसलेली. मेंढ्या, शेळी, गाढव, काठावर बदकं. सही वाचता येत नाही, पण दीडशे वर्षांपलीकडचं काम आहे आणि माणसाला गुरं कळत होती. बंद पडलेल्या एका खाणावळीची पाटी उतरवायला बाबा गेले होते, तिथल्या मालकानं "हेही घेऊन जा" म्हणून दिलं.

आमच्याकडे प्रत्येकाचं जनावर ठरलेलं. गाढव बाबांनी स्वतः मागून घेतलं. "घरात एक तरी गाढव लागतं, नाहीतर ओझी कोण वाहणार?" म्हणायचे. ताई शेळी, तिची हनुवटी बघितली की कारण विचारावं लागत नाही. मी मान मागे वळवलेलं मेंढरू, कारण लहानपणी मी मागे बघत चालायचो आणि खांबाला आपटायचो. आई तांबडी.

तांबडीच्या पुढच्या पायाशी एक पांढरं वासरू आहे. वासरू कसलं, उशीच. डोकं भलंमोठं, मागचा एक पाय कुठून निघतो त्याचा पत्ता नाही. लहानपणी मला तेच हवं होतं. घरात धाकटा मी, तर वासरू माझंच, असा माझा हिशोब. मी हट्टाला पेटलो आणि बाबांनी माझ्या थोबाडीत दिली. जन्मात तेवढं एकदाच. का, ते अजून कळलेलं नाही. आई म्हणाली होती, "ते आहे कुणाचं तरी. तू आपला मेंढरू."

आता मेंढरू मागे पडलं, पण "मधला" हे नाव चिकटलंय. आई मला मधला म्हणते. भावंडं आम्ही दोन. दोघांत मधला कसा, हा विनोद आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं करून झालाय. टेबलाशी मी आईबाबांच्या मधे बसायचो म्हणून असणार. कुणी "हे तुमचं शेंडेफळ का?" विचारलं की आई म्हणायची, "नाही, हा मधला," आणि चहा ठेवायला आत निघून जायची.

शनिवार, ९ मार्च

आकाश मोकळं झालं. कापसाचा बोळा काडीला गुंडाळायचा, द्रावणात बुडवायचा, पिवळं पडलेलं वार्निश हळूहळू उचलायचं. बोळा चहाच्या रंगाचा होतो आणि खालून निळं निघतं. इतकी वर्षं हे करतोय, पण निळं निघालं की अजून बरं वाटतं.

आई शेजारी खुर्ची टाकून बसते. तिला फारसं काही दिसत नाही, पण उठत नाही. मधेच तिचं बोट चित्राकडे यायला लागतं आणि मी ओरडतो. तिची ही खोड जुनी. रोज सकाळी टेबल पुसून झालं की चित्राच्या खालच्या कोपऱ्यावरून बोट फिरवायची. तेलरंगाला हात लावू नये, हे मी तिला सांगून सांगून थकलो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

संध्याकाळी जेवणघरातला दिवा मालवताना ती चित्राला विचारते, "सगळी आत आली का?" आमच्या घरातलं जुनंच बोलणं आहे ते. काल तिनं रिकाम्या भिंतीला विचारलं. मी स्वयंपाकघरातून गाढवासारखा ओरडून दाखवलं. ती हसली.

गुरुवार, १४ मार्च

आज मजा झाली. खोलीत अंधार करून जांभळ्या दिव्याखाली चित्र बघितलं. या दिव्यात जुनं वार्निश हिरवट चमकतं आणि नंतर कुणी लावलेला रंग काळा दिसतो. वासरू काळं ठिक्कर. म्हणजे ते चित्रकाराचं नाहीच. तड्यांवरून, वार्निशवरून सरळ थापलंय, चित्र जुनं झाल्यानंतर. रंगही चित्राचा नाही, दाराखिडक्यांना देतात तसला चकचकीत. मी इतकी वर्षं म्हणतच होतो की ज्यानं अशी तांबडी काढली, त्याच्या हातून अशी उशी होणार नाही.

कुणातरी हौशी गाढवाचं काम. उचलला ब्रश, लावला चित्राला.

आमच्या धंद्यात एक नियम आहे: चित्रकाराचं ते ठेवायचं, नंतरचं ते काढायचं. आईला आत्ता सांगत नाही. एकदम दाखवीन.

ताईचा फोन आला होता. मी चित्र धुतोय ऐकून म्हणाली, "नुसती धूळ काढ हं. बाकी कशाला हात लावू नकोस."

मी म्हटलं, "तू तुझी शाळा सांभाळ, मी माझं दुकान सांभाळतो."

"आई जवळ आहे का तुझ्या?"

"इथंच बसलीय."

"मग राहू दे. येईन तेव्हा बोलू," म्हणाली आणि फोन ठेवला. शेळीनं मला माझा धंदा शिकवू नये.

सोमवार, १८ मार्च

वासरू गेलं. साधं द्रावण चालेना, कडक घ्यावं लागलं. मग मात्र भराभर सुटलं, बोळ्यामागून बोळा पांढरा. चांगला जाड थर होता, बोटाला उंचवटा लागायचा. मी शीळ घालत काम करत होतो.

रंग सुटायला लागल्यावर एक वास आला. बाबांच्या शर्टाचा. त्यांच्या सायकलवर मागे बसून मी पाठीला नाक लावायचो, तो. पाट्यांच्या रंगाचा वास सगळीकडे सारखाच असणार म्हणा. डोळ्यांत पाणी आलं. द्रावण कडकच आहे तसलं.

आणि खाली काय निघावं! गवतात पिवळी फुलं. बारीक बारीक, एकेक पाकळी एका फटक्यात ठेवलेली. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा हात जसाच्या तसा. ती फुलं त्या उशीखाली किती वर्षं दडपून राहिली होती. आई खूश होईल.

शुक्रवार, २२ मार्च

चित्र लागलं. पडदा सारला, दिवा वाकडा करून धरला, आईला समोर बसवलं. तिला सगळं एकदम दिसत नाही, म्हणून किल्लीच्या भोकातून खोली बघावी तसं ती तुकड्यातुकड्यानं बघते. आधी आकाश. "निळं होतं होय," म्हणाली. मग झाड, मग गाढव. "यांचे कान बघ किती स्वच्छ झाले." मग शेळी, मग मी. मग तांबडी.

तांबडीच्या तोंडावरून नजर खाली गेली आणि तिथंच फिरत राहिली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा तोंडापासून खाली. मला वाटलं, फुलं बघतेय.

"फुलं आहेत आई. खालून निघाली."

"हो का."

बऱ्याच वेळानं म्हणाली, "कुठं गेलं?"

चष्मा पुसायचा तिचा रुमाल खाली पडला होता. मी उचलून हातात दिला. तिनं तो घेतला आणि मुठीत धरून बसली. मग म्हणाली, "छान केलंस मधल्या. दमला असशील."

खरं सांगायचं तर मी हिरमुसलो. इतक्या दिवसांच्या कामावर एवढंच? दुसरं कुणी असतं तर गाढवाला गुळाची चव काय म्हटलं असतं, पण ही पडली तांबडी.

रात्री दिवा मालवला, तेव्हा काही विचारलं नाही तिनं.

मंगळवार, २६ मार्च

आई जेवत नाही. दोन घास घेते आणि ताट सरकवते. डोळ्यामुळे खचली असेल.

आज सकाळी तिचं बोट पुन्हा त्या कोपऱ्यावर. आता रंगावर नव्या वार्निशचं कवच आहे म्हणून मी यावेळी ओरडलो नाही. बोट गेलं, थांबलं, मागे आलं, परत गेलं.

"पुसून जातं का रे सगळं?" तिनं विचारलं.

मी समजावून सांगितलं. "मूळचं असतं ते जात नाही आई. नंतर आलेलं असतं तेवढं जातं."

"हो," म्हणाली. "नंतरच आलं होतं."

वयामुळे बोलणं कधीकधी भरकटतं तिचं. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.

रविवार, ३१ मार्च

ताई आली. संत्र्यांची पिशवी हातात, जेवणघराच्या दारात उभी राहिली आणि चित्राकडे बघून म्हणाली, "वासरू कुठंय?"

मी माझं भाषण सुरू केलं. जांभळा दिवा, तडे, चित्रकाराचं ते ठेवायचं. तिनं पिशवी खाली ठेवली, मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. तिथं जे बोलली ते लिहून ठेवतो.

"तुझ्यानंतर एक मुलगी झाली होती. मी सहा वर्षांची, तू दोनचा. सकाळी झाली, संध्याकाळपर्यंत होती. आईला ताप होता. तिला दाखवलीच नाही. तेव्हा तसंच करायचे, बघितलं नाही म्हणजे विसरायला सोपं म्हणून. हातसुद्धा लावू दिला नाही. बाबा एकटे जाऊन पोचवून आले.

"नाव नाही, फोटो नाही. आई घरी आली ती या टेबलाशी बसून राहायची. जेवण नाही, बोलणं नाही, नुसती त्या गुरांकडे बघत. एक दिवस बाबांनी पाट्यांच्या रंगाचा डबा आणला आणि स्टुलावर चढले. डबा मी धरला होता. अक्षरं काढणारा माणूस, त्यांना गुरं काढायची कुठली सवय? पाय दोनदा पुसला, तरी जमेना. आई बघत होती. त्या संध्याकाळी आई जेवली."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"आईनं शपथ घातली होती. म्हणाली, घरात एक तरी जण यातून मोकळा राहू दे."

"फोनवर तरी सांगायचंस."

"आई शेजारी बसलेली. आणि मला वाटलं, वासरू काढावं असं कुणाच्या मनात तरी येईल का? ते आपल्या घरातलं आहे रे." मग रडू आवरून म्हणाली, "जन्मभर मधला म्हणतेय ती तुला. तुला काय वाटलं?"

मी म्हटलं, टेबलामुळे.

कामाच्या खोलीत जाऊन वापरलेल्या बोळ्यांचा डबा उघडला. रिकामा होता. मीच साफ केला होता.

सोमवार, १ एप्रिल

मी तिला पुसलं. शीळ घालत.

गुरुवार, ४ एप्रिल

आज आईशी बोललो. तीन दिवस तिच्यासमोर जायचं टाळत होतो. तिच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसलो. आधी तीच म्हणाली, "ताईनं सांगितलं ना?"

"हो."

"तुला कसं कळणार होतं? आम्हीच कळू दिलं नाही." माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मी तिचा मुलगा, पन्नाशी उलटलेला, तिच्या गुडघ्याला डोकं लावून रडलो. ते तिला नीट दिसत नसेल, पण हाताला कळत असणारच.

मग म्हणाली, "तिथं फुलं आहेत म्हणालास ना? खाली?"

"आहेत. पिवळी."

"मला वाटायचं, यांनी नुसत्या मातीत ठेवली तिला. बरं झालं, कळलं."

मी म्हटलं, मी परत काढतो. ती म्हणाली, "काढ. पण माझा डोळा थांबायला हवा."

शनिवार, १३ एप्रिल

जमत नाहीये. फोटोत एक फिकट डाग दिसतो, बस. वेगळ्या फळीवर वासरू काढून बघितलं. चांगलं आलं. पाय चारही जागेवर, पाठीवर उजेड. फळी खिडकीशी धरून आईला दाखवली. तिनं बराच वेळ बघितली आणि विचारलं, "हे कुणाचं?"

फळी खरवडून टाकली. बाबांना जे येत नव्हतं ते मला येतं, ही माझी अडचण आहे. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

सोमवार, २२ एप्रिल

सकाळी आईनं विचारलं, "आज पडदा उघडला नाहीस का?"

पडदा उघडा होता.

मंगळवार, २३ एप्रिल

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काही होण्यासारखं नाही. आईनं त्यांचे आभार मानले. जिन्यात मी तिचा हात धरला तर म्हणाली, "एवढं घट्ट नको धरूस, मी कुठं पळतेय?"

नजर जायच्या आधी तिला तिची गुरं दाखवायची म्हणून हे सगळं मी सुरू केलं. चित्रात तिच्या नजरेनं शेवटची बघितली ती तांबडीच्या पायाशी असलेली रिकामी जागा. ती मी दाखवली, पडदा सारून, दिवा धरून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते लोक हसत म्हणतात.

गुरुवार, २ मे

मार्ग आईनंच काढला. सकाळी म्हणाली, "माझ्या बोटाला पाठ आहे ते. तू चित्र खाली घे."

चित्र टेबलावर आडवं ठेवलं. तिचं बोट मी तांबडीच्या खुरावर नेऊन टेकवलं. पुढं तिला सांगावं लागलं नाही. "इथं नाक. इथून डोकं, मोठं. अजून मोठं. तू लहान करतोयस." मी तिच्या बोटामागून खडूनं रेघ नेत होतो. "कान एकच होता, दुसरा यांना सुचला नाही. पाठ अशी. आणि हा पाय." पाय पोटातून निघाला. मी जिथं निघाला तिथं काढला. एका ठिकाणी थांबून म्हणाली, "इथं ब्रशचा एक केस अडकला होता. रोज लागायचा." मी माझ्या ब्रशचा एक केस ओढून घेतला.

आमच्या कामात लावलेला रंग पुढं कुणाला काढता यावा असाच वापरायचा असतो. मी काढता येणार नाही असा घेतला. चांगला जाड तेलरंग, सुरीनं थापून, बोटाला लागेल असा. पिवळी फुलं झाकली गेली. दोन कडेनं राहिली, ती राहू दिली.

चौकटीच्या मागे लाकडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: वासरू चित्रातलंच आहे. काढू नये. अक्षर बाबांसारखं आलं नाही.

रविवार, ५ मे

चित्र भिंतीवर गेलं. ताई आली होती. दाराशी थांबून बघत राहिली. मग म्हणाली, "अगदी तसंच वेडंवाकडं," आणि पदरानं डोळे पुसले.

तेलरंग वाळायला वेळ लागतो, इतका जाड तर फारच. आईला बजावून सांगितलं होतं की महिनाभर हात लावायचा नाही. चहा ओतायला आत गेलो तेवढ्यात ती उठली, भिंतीला धरत धरत गेली. मी परत आलो तेव्हा तिचं बोट वासरावर होतं. सावकाश फिरत होतं, डोक्यावरून पाठीवर.

मी म्हटलं, "आई, अगं ओलं आहे ते अजून."

"ओलंच असणार," ती म्हणाली. "आत्ताच झालंय."

मग दुसरा हातही लावला. चहा निवला.

ती खुर्चीत येऊन बसली तेव्हा बोटं पांढरी झाली होती. मी सवयीनं कापसाचा बोळा घेतला, टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि तिचा हात धरला. तिनं मूठ मिटून घेतली.

"राहू दे, मधल्या."

मी बोळा ठेवून दिला.